गजराबाईचं सत्तरीचं कार्ड

आधार कार्डाचं मशीन पहिल्यांदा आमच्या कासार आंबोलीच्या शाळेत आलं, तेव्हा मी एक गाढवपणा केला. रांगेत माझ्यापुढे गजराबाई होती. मशीनवाल्याने वय विचारलं, तसं तिने सरळ "अठ्ठावन्न" म्हणून सांगून टाकलं. आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो. घरं शेजारी, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. दोघींच्या वयात फार तर दोन-तीन महिन्यांचं अंतर. माझा नंबर आला. मी पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बावन्न."

मशीनवाल्याने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. जन्मतारीख सांगता येईना म्हटल्यावर एक जानेवारी ठोकून दिली आणि माझी सहा वर्षं सरकारजमा झाली. मला वाटलं, जिंकले! गजराबाईपेक्षा मी लहान, तेही सरकारी कागदावर. त्या दिवशी मी इतक्या ठसक्यात घरी आले की आमच्या ह्यांनी विचारलं, "पायाला काय लागलं का?"

पुढे सरकारने सत्तरीच्या पुढच्या माणसांसाठी आयुष्मान कार्ड सुरू केलं. माणूस गरीब असो की जमीन विकून गब्बर झालेला असो, उत्पन्नाचा दाखला नको. वयाची सत्तर वर्षं पुरी झालेली असली की पुरे. दवाखान्यात भरती व्हायची वेळ आली, तर वर्षाला पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकार बघणार. पौडच्या सेवा केंद्रात म्हाताऱ्यांची जत्रा भरली. मी आणि गजराबाईही गेलो. तिच्या अंगठ्याचा ठसा काही उमटेना. जन्मभर भाताची लावणी केलेला आणि भाकऱ्या थापलेला अंगठा, त्याच्यावर रेषा उरतात कुठे? शेवटी तिचा चेहरा मोबाईलवर घेतला. "आज्जी, डोळे मिटा. उघडा. आता परत मिटा." आणि ही बया त्या मोबाईलपुढे लाजली! पण कार्ड निघालं. मग मी पुढे झाले. केंद्रातल्या मुलीने माझा आधारचा नंबर टाकला आणि साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आज्जी, तुम्ही अजून लहान आहात. पाच वर्षांनी या."

रांग हसली. गजराबाई हसली नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "असू दे गं. ल्हान हायेस तू."

हसली असती तर परवडलं असतं.

वय दुरुस्त करून मिळतं, ते मला ठाऊक आहे. शाळेचा दाखला काढायचा आणि जायचं. पण म्हणजे चारचौघांसमोर "मी त्या वेळी थाप मारली" असं म्हणायचं, आणि त्या चारचौघांत गजराबाई नसेल याची हमी कोण देणार?

तर ही गजराबाई. तिची ओळख करून द्यायची तर गळ्यापासून सुरुवात करावी लागते. हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं गळ्यात निळी पट्टी घालून, तिला ओळखपत्र लटकवून फिरतात ना, तशी एक पट्टी गजराबाईच्या गळ्यात असते. ती तिचा भाडेकरू खोली सोडताना टाकून गेला. पट्टीवर कुठल्याशा कंपनीचं इंग्रजी नाव, आणि खाली प्लास्टिकच्या पाकिटात सत्तरीचं कार्ड. डेअरीवर दूध घालायला निघाली की गळ्यात कार्ड. शेतात गवत कापताना कार्ड. हळदीकुंकवाला इतर बायका हार चाचपतात, ही कार्ड चाचपते. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारे पुण्याचे पाहुणे तिला विचारतात, "आजी, कुठल्या कंपनीत?" ती म्हणते, "सरकारी."

कार्ड आमच्या ह्यांचंही निघालं. त्यांनी ते कपाटात ठेवलं आणि विसरून गेले. त्यांच्या कार्डाने माझ्या पोटात काही दुखलं नाही. मला दुखतं ते गजराबाईचंच. सवय आहे ती, पन्नास वर्षांची.

तरुणपणी तर मी कहरच होते. एकदा गावात डोळ्यांचं शिबिर भरलं आणि गजराबाईला चष्मा लागला. काळ्या दांड्यांचा, छान. मास्तरीण दिसायला लागली. माझे डोळे म्हणजे घारीचे. पण मी दुसऱ्या दिवशी शिबिरात जाऊन फळ्यावरची अक्षरं मुद्दाम चुकीची वाचली. डॉक्टर गोंधळले, एक भिंग बदलत दुसरं लावत राहिले आणि शेवटी कंटाळून त्यांनी मला एक चष्मा दिला. तो लावून मी आठवडाभर गावात मिरवले. आठवड्यात दोनदा उंबऱ्याला ठेचकाळले आणि सासूबाईंच्या चहात मीठ घातलं. सासूबाई म्हणाल्या, "डोळं चांगलं हुतं तवा बरी हुतीस." आज त्या पोरीची आठवण झाली की मला हसू येतं आणि थोडी लाजही वाटते. पण पोरगी गेलेली नाही. आत बसून आहे. गजराबाईच्या गळ्यातली निळी पट्टी दिसली की उठून उभी राहते.

गजराबाईचं कार्डाचं ज्ञान मात्र पक्कं. कुणाला सर्दी झाली, गुडघा दुखला की ती बोट वर करून सांगणार, "गोळ्या-औषधाला न्हाई चालत. ॲडमिट झाल्याबिगर न्हाई!" हे वाक्य तिला इतकं आवडलं की ती ते कुठेही वापरायला लागली. कुणाची सून दोन दिवस माहेरी रुसून बसली, तर सासूला म्हणायची, "एवढ्यातेवढ्याला कशाला रडतीयास? ही सर्दी हाय. ॲडमिट झाल्याबिगर न्हाई!" दुसरं वाक्य, "यादीत हाय का?" म्हणजे तो दवाखाना सरकारच्या यादीत आहे का. कारण कार्ड सगळीकडे चालत नाही, यादीतल्या दवाखान्यातच चालतं. एकदा मी नवीन वाण्याकडून साखर आणली, तर ही कुंपणापलीकडून ओरडली, "त्यो वाणी यादीत हाय का गं?"

तिने कुणाला सोडलं नाही. एका दहाव्याला नदीवर सगळे गंभीर चेहऱ्याने उभे होते. पिंड ठेवलेला, कावळ्याची वाट बघणं चाललेलं. ही हळूच गेलेल्याच्या भावाजवळ सरकली आणि म्हणाली, "तुमचं सत्तर झालं का वो?" तो बिचारा दचकून कावळ्याकडे बघायला लागला. पण दुसऱ्या दिवशी तो पौडला जाऊन कार्ड काढून आला, हेही खरं. गावातल्या किती म्हाताऱ्यांची कार्डं तिने पाठीस लागून काढायला लावली, देव जाणे. एका आजोबांना म्हणाली, "जुना दमा हाय? असू दे. खासगी इम्यावालं जुनं दुखणं बघून त्वांड फिरवत्यात. हितं पयल्या दिसापास्नं चालतं." तिला स्वतःला तसा अनुभव आला होता. मुलाने तिचा खासगी विमा उतरवायचं ठरवलं होतं, पण साखरेचा आजार ऐकून त्या लोकांनी नको म्हटलं.

एकदा मीच तिला कुंपणावरून डिवचलं. म्हटलं, "आमच्या ह्यांचं कार्ड हाय, माझं झालं की पाच लाख दोघांत मिळून. म्हंजी अर्धं-अर्धं. तुझं बरं हाय."

ती म्हणाली, "व्हय. माझं समदं माझंच. वाटेकरी न्हाई."

आणि मला, खरं सांगते, तिचा हेवा वाटला. घरात आमचे हे घोरत होते आणि मी मनात म्हणत होते, हिला बघा, नवऱ्याचा वाटासुद्धा द्यावा लागत नाही! तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, हे माझ्या डोक्यात नंतर आलं. तोपर्यंत हेवा वाटून झाला होता.

आता मुख्य गोष्ट. गजराबाईला पावसाळ्यानंतर दम लागायला लागला. डेअरीच्या चढावर ती थांबायची आणि कार्ड नीट करतेय असं दाखवायची. पौडच्या डॉक्टरांनी तिला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की हृदयाची एक नळी अरुंद झाली आहे, जाळी बसवावी लागेल, फार दिवस लावू नका. हे सगळ्या गावाला माहीत झालं, कारण तिनेच सांगितलं. छातीवर हात ठेवून, अगदी अभिमानाने. "जाळी बसवायचीय. कार्डात बसतंय."

गावाला वाटलं आठ दिवसांत होईल. पण गजराबाई दवाखाने बघत सुटली. सकाळी नवं लुगडं नेसायची, भाकरी बांधून घ्यायची, पौड रस्त्यावर जाऊन बस पकडायची. संध्याकाळी परत. आणि कुंपणाशी येऊन मला बातमी.

"आजचा दवाखाना बेस हाय. खिडकीतनं झाड दिसतंय."

"मग तितं होऊ दे की ऑपरेशन."

"न्हाई गं. बाथरूम लांब हाय."

दुसऱ्या दवाखान्यातल्या नर्सा तोंडाळ. तिसऱ्यातली डाळ पातळ. लोक मुलासाठी मुली बघत फिरतात ना, तशी ही फिरत होती. प्रत्येक दवाखान्यात कार्डवाल्यांची सोय बघायला एक माणूस बसवलेलं असतं, आरोग्यमित्र म्हणतात त्याला. ही मला सांगायची, "सरकारनं मला मित्र दिलाय. परत्येक दवाखान्यात येक." बघा म्हणजे! आमच्या तरुणपणी परक्या माणसाशी दोन शब्द बोललं तर सासूबाई चार दिवस बोलत नसत, आणि हिला ह्या वयात सरकारने जागोजाग मित्र नेमून दिलेत.

मला वाटायचं, ही मुद्दाम लांबवतेय. ऑपरेशन झालं की मिरवायचं काय? आणि मी काळजी करण्याऐवजी जळत बसले. आमचे हे म्हणाले सुद्धा, "अगं, तिला विचार तरी काय अडलंय." मी म्हटलं, "अडलंय काय? नवरीला स्थळ पसंत पडेना."

ती मला रोज चिडवायचीही. "आज जाणाराय बाई. तुला काय त्याचं, तू अजून ल्हान हायेस. तुला हे दवाखानं समजायचं न्हाईत." किंवा, "तितं गर्दीत कसं बोलायचं ते मलाच ठावं."

त्यात एक दिवस गिरणीत ऐकलं की कुणाचंसं कार्ड म्हणे कुठल्याशा दवाखान्यात चाललंच नाही, परत पाठवलं. खरं-खोटं कोण जाणे, पण माझ्या डोक्यात ते जाऊन बसलं. गजराबाईचं कार्ड, ती निळी पट्टी, तो सगळा थाट, आणि खिडकीतलं माणूस म्हणतंय, "नाही चालत." हे व्हायचंच असेल तर ते बघायला मी तिथे हवी! पापी विचार, पण आला.

दुसऱ्या दिवशी ती निघाली तशी मी पिशवी घेऊन दारात उभी.

"तू कुटं?"

"भूगावला काम हाय जरा. तुझ्याच बसला येते."

"काय काम?"

"हाय एक." काम सुचलंच नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि ती चालायला लागली. चढावर दोनदा थांबली. मीही थांबले, चपलेत खडा गेल्याचं सोंग करून. बसमध्ये तिने मला खिडकी दिली. भूगाव आलं आणि गेलं. मी उतरले नाही, तिनेही विचारलं नाही.

दवाखाना मोठा होता. आत गेल्यावर उजव्या हाताला काचेमागे एक तरुण मुलगी बसलेली, आरोग्यमित्र. गजराबाईला बघून तिने खुर्ची पुढे केली. मी मागे उभी राहिले. आता म्हणेल, आता म्हणेल, नाही चालत.

मुलगी म्हणाली, "आज्जी, आज आणलं का कुणाला बरोबर?"

गजराबाईने पट्टीशी चाळा केला. "मुलगा येणाराय. त्याला सुट्टी गावली की."

"मागच्या वेळी पण हेच म्हणालात." मग तिची नजर माझ्यावर गेली. "तुम्ही यांच्याबरोबर का?"

मी हो की नाही असं काहीतरी डोकं हलवलं.

"बरं झालं तुम्ही आलात. ह्या आज्जी कितीदा आल्यात. कार्ड व्यवस्थित आहे, ऑपरेशनला मंजुरी मिळायला काही अडचण नाही, डॉक्टर पण म्हणतात उशीर करू नका. पण ॲडमिट करताना जवळचं कुणीतरी लागतं ना. मध्येच काही विचारायचं झालं तर कुणाला विचारणार? ह्या येतात, एकच विचारतात, एकट्या बाईला घेता का? मी नाही म्हटलं की उठून जातात. दुसऱ्या दवाखान्यातल्या आमच्या मैत्रिणीपण सांगत होत्या, निळ्या पट्टीच्या आज्जी आमच्याकडे पण येऊन तेच विचारून गेल्या."

गजराबाई काचेवरच्या एका डागाकडे बघत होती. नखाने तो खरवडायला लागली.

खिडकीतलं झाड, लांबचं बाथरूम, पातळ डाळ. सगळं माझ्या कानात एकदम वाजायला लागलं. तिचा मुलगा ऑस्ट्रेलियात. रविवारी फोन करतो, चांगला आहे पोरगा, पण त्याला रजा मिळत नाही आणि ही त्याला खरं सांगत नाही. सांगते, "किरकोळ हाय रे, सावकाश ये." माझं तर भरलेलं घर. दोन मुलगे, सुना, हे. मला शिंक आली तरी दोघं विचारतात. आणि मी हिच्या गळ्यातल्या प्लास्टिकवर जळत होते.

"तुम्ही कोण यांच्या?" मुलीने विचारलं.

"शेजारीण."

"नात्यातलं नाही का कुणी? जवळचं माणूस हवं हो."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, पन्नास वर्षं मी हिच्यावर जळतीया. हिनं नवं भांडं घेतलं तरी मला रात्रभर झोप लागत न्हाई. याच्याहून जवळचं माणूस तुला कुटं गावणाराय?"

मुलगी हसली. मग तिने आत जाऊन कुणालातरी विचारलं. मुलाशी फोनवर बोलणं झालं, डॉक्टरांशी झालं, आणि माझं नाव जवळचं माणूस म्हणून लागलं. मुलगा फोनवर मला "काकू, काकू" म्हणत रडत होता. मी त्याला म्हटलं, "रडू नको. तुझी आई यादीतल्या दवाखान्यात हाय."

ऑपरेशनच्या दिवशी गजराबाईला आत नेताना पट्टी काढायला सांगितली. ती काही काढेना. शेवटी मी हात पुढे केला, तेव्हा तिने ती माझ्या हातात दिली. दार बंद झालं. बाहेर बाकावर मी ती पट्टी मुठीत धरून बसले. इतके महिने जिच्यावर नजर ठेवून होते ती पट्टी माझ्या हातात होती, आणि मला ती नको होती. कुणीतरी येऊन ती परत घेऊन जावी एवढंच वाटत होतं. आमच्या ह्यांचा फोन आला. मी म्हटलं, "आता फोन ठेवा, मला काय बोलायला येत न्हाई."

जाळी नीट बसली. दुसऱ्या दिवशी गजराबाई वॉर्डात पलंगावर बसून होती, चेहरा धुतलेला, थोडी फिकट. डॉक्टर आले, तिचा हात हातात घेऊन "कशा आहात आजी" म्हणाले. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. नर्सने तिला उशी लावून दिली. मी स्टुलावर, पाठ दुखतेय, कुणी विचारत नाही. थोडा मत्सर वाटलाच, खोटं कशाला सांगू. घरी जातानाची औषधंसुद्धा कार्डातच मिळणार होती. बाजूच्या पलंगावरच्या बाईला ही लगेच समजावून सांगायला लागली, कुठल्या वयाला चालतं, कुठे चालतं. मी मोसंबी सोलत होते. तिला एक फोड दिली, एक मी खाल्ली.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "गजरे, एक सांगू? त्या दिवशी मला भूगावला काय काम नव्हतं."

"हूं."

"तुझं कार्ड नाकारत्यात का, त्ये बघाया आले हुते मी. मला वाटायचं, तू नुसती मिरवतीयास."

तिने फोड चावून संपवली, बी तळहातावर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"ठावं हाय मला. मिरवतच हुते की तुझ्याम्होरं. नुसतं 'चल माझ्यासंगं' म्हणलं असतं, तर आली असतीस व्हय गं तू?"